दिसतंय तोवर

चूक पट्टीत नव्हती, तुकड्यात होती. पहिल्याच नजरेत तिला ते दिसलं. उजेडाच्या पेटीत डावीकडे गिऱ्हाइकाच्या मूळ कापडातून कापलेला नमुन्याचा तुकडा ठेवलेला होता, तळहाताएवढा, वर्षानुवर्षं तिच्याच बोटांनी हाताळलेला. उजवीकडे मास्तरांनी रंगवलेल्या कापडाच्या नव्या गठ्ठ्यातून फाडून आणलेली पट्टी. दोन्हींचा रंग एकच असायला हवा होता, पारवा. निळ्याकडे कललेला राखाडी. कागदावर त्याला लांबलचक नंबर होता, पण कारखान्यात सगळे पारवाच म्हणत. आणि पट्टी पारवी होती, स्वच्छ, पहिल्या दिवसासारखी पारवी. तुकडाच पारवा राहिला नव्हता. त्यातलं निळं उडून गेलं होतं आणि मागे एक शिळी पिवळट छटा उरली होती, जुन्या उशीच्या अभ्र्यावर असते तशी. तिनं शिस्तीप्रमाणे नजर उचलून पेटीच्या करड्या भिंतीवर ठेवली, क्षणभर थांबली, परत खाली आणली. तेच. मागे साहेब उभे होते, आणि त्यांच्या मागे दारात रंगखात्याचे मास्तर, कोपरापर्यंत डाग पडलेले हात छातीवर बांधून. "काय बाई, सुट्टी मानवली ना?" साहेब म्हणाले. "आता जरा तुमच्या तोंडानं सांगा यांना, पट्टी निळी मारतेय म्हणून. आमचं कोण ऐकतंय?" ती म्हणाली, "जरा डोळे स्थिरावू द्या." असं ती इतक्या वर्षांत कधी म्हणाली नव्हती. साहेबांनी मास्तरांकडे बघून भुवया उडवल्या आणि दोघं बाहेर गेले.

डोळे स्थिरावू द्यायचे म्हणजे काय करायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिची सगळी नोकरीच मुळी पहिल्या नजरेवर उभी होती. मोठ्या कारखान्यांत रंग ताडून बघायचं यंत्र असतं; यांच्याकडे बाई होत्या. यंत्र घ्यायचा विषय दर वर्षी निघायचा, आणि दर वर्षी साहेब बाईंच्या डोळ्यांचं तोंडभर कौतुक करून तो मिटवायचे. या खोलीत भिंती करड्या, टेबल करडं, तिच्या अंगावरचा कोटही करडा, कारण शेजारी लाल काही असलं की हिरव्याला चेव चढतो. नखांना रंग नाही, ओठांना नाही. जुन्या तपासनिसांनी तिला हे काम शिकवलं तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पहिली नजर बघते, दुसरी वाद घालते. वाद घालायला लागलात तर उठून बाहेर जा. ती त्यांच्यापेक्षाही कडक निघाली. डोळ्यांनी सांगितलं नाही ते तिच्या तोंडातून कधी निघालं नाही, मग समोर कोणीही असो. एकदा नणंदेनं हौसेनं शिवून घेतलेले पडदे दाखवले. "सोफ्याला जुळतात ना गं वहिनी?" हिच्या तोंडून "नाही" निघून गेलं. नणंद वर्षभर फोनवर आली नाही आणि नवरा महिनाभर म्हणत होता, अगं, 'छान' म्हणायला काय जातं? पण तिला खरंच ते जमत नव्हतं. जीभ डोळ्यांना बांधलेली होती.

आणि आता डोळे सांगत होते की तुकडा उतरलाय. रंग उतरायला काही एका रात्रीचा वेळ पुरत नाही. रोज पेटीतल्या दिव्याखाली, रोज बोटांखाली, कणाकणानं उतरत गेला असणार, आणि ती रोज त्याच्यासमोर बसलेली. रोज पाहिलेलं माणूस म्हातारं होताना दिसत नाही. तुकडा उतरत गेला तशी तिची नजरही त्याच्या मागून पायरी पायरी उतरत गेली, आणि त्या दोघांच्या मागून मास्तर. वर्षभर ती मास्तरांना म्हणत आली होती, निळं मारतंय, पिवळं वाढवा. आणि मास्तर, तोंडातल्या तोंडात शिव्या घालत, चिमूटभर पिवळं वाढवत आले होते. तिला वाटायचं, म्हातारा ढिला पडला, मापात लक्ष नाही. तिनं साहेबांना तसं सांगितलंही होतं, एकदा नव्हे, चांगलं दोनतीनदा. गिऱ्हाईक नवा गठ्ठा मागच्या गठ्ठ्याशी ताडून बघायचं, त्यामुळे तिकडूनही कधी ओरड आली नाही. सगळे मिळून, एकमेकांचा हात धरून, हळूहळू खोट्या पारव्याकडे चालत गेले होते.

ती सुट्टीवर असताना मास्तर अडून बसले. ही हकिकत साहेबांनी सकाळी आल्या आल्या, तिनं पर्स ठेवायच्या आतच सांगितली होती. मास्तर म्हणाले, मी पिवळं घालणार नाही, जे मूळ माप आहे त्याच मापानं रंगवणार, काय व्हायचं ते होऊ दे. आणि तसंच केलं. गठ्ठ्यामागून गठ्ठा निळा निघाला, म्हणजे तुकड्याशेजारी ठेवला की निळा दिसला, माल अडकून पडला, गिऱ्हाइकाचे फोन सुरू झाले. "तुमच्यासाठी थांबलोय," साहेब म्हणाले. "तुम्ही एकदा बघा, म्हणजे मी त्यांना घरी बसवायला मोकळा. उगाच मनात नको, म्हाताऱ्यावर अन्याय झाला म्हणून." तेव्हा तिला बरंच वाटलं होतं, हे खरं. मास्तरांचं आणि तिचं कधी पटलं नव्हतं. ते तिला पाठीमागे सासूबाई म्हणायचे आणि मुद्दाम तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. माणूस आढ्यतेखोर, आधी दोनदा खरोखरच चुकलेला, आणि दोन्ही वेळा मान्य न केलेला. तो घरी गेला असता तर तिनं एक सुस्कारा सोडला असता आणि चहा मागवला असता.

ती गावाला गेली नसती तर तसंच झालं असतं. मावसबहिणीच्या घरी गेली तेव्हा ती दमून चिपाड झालेली होती. टेकडीच्या उतारावरचं घर, मागे तळं, समोर नजर पोचेल तिथवर कोणीही न रंगवलेली जमीन. पहिले काही दिवस तिथंही ती कामच करत होती. पडवीत बसून हे पान त्या पानाशी जुळतंय का, आजचं तळं कालच्या तळ्यापेक्षा कुठं मारतंय, असं मनात चाललेलं. बहीण म्हणायची, "अशी काय बघतेस गं, विकत घ्यायचंय का?" मग एका दुपारी ते थांबलं. कधी, ते कळलं नाही; खुर्चीत बसल्या बसल्या लक्षात आलं की आपण केव्हाच्या तळ्याकडे बघतोय आणि काहीच ठरवत नाहीयोत. डोळ्यांच्या मागे, कपाळाच्या आत, इतक्या वर्षांची आवळलेली गाठ सैल पडली होती. तिला तेव्हा रडू आलं, आणि ते बहिणीला कसं समजावायचं म्हणून ती कांदे चिरायला बसली. ती सैल पडलेली नजर तशीच सांभाळून ती शहरात घेऊन आली होती, आणि या नजरेला तुकडा दिसला होता. इतर कोणाला दिसणार नव्हता. कारण इतर कोणी गेलंच नव्हतं कुठे.

आणि ही नजर टिकणारी नव्हती. हे तिला दुपारी कळलं. सकाळपासून तिनं इतर गठ्ठ्यांच्या पट्ट्या तपासल्या होत्या, तपकिरी, गडद हिरवा, तो दळभद्री किरमिजी. मधे मधे पारव्याकडे वळून बघत होती, आहे ना अजून, आहे ना. जेवणानंतर पेटी लावली आणि तुकडा रंगानं पट्टीच्या जवळ सरकलेला दिसला. जुळलेला नव्हता, पण सकाळी जी दरी होती ती आता नुसती भेग होती. कपाळातली गाठ पुन्हा आवळत चालली होती. ट्यूबलाइट, डब्यांवरची लेबलं, खिडकीबाहेरची जाहिरात, सगळं डोळ्यांत घुसून आपापली जागा परत घेत होतं. आज दिसतंय, उद्या दिसणार नाही, आणि परवा आपणच म्हणू, काहीतरी भास झाला होता. ती उठली आणि साहेबांच्या खोलीत गेली.

"तुकडा उतरलाय," ती म्हणाली. साहेब तिच्याबरोबर आले, पेटीत डोकं घातलं, चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं. "मला तर तुकडा नेहमीचाच दिसतोय."

"तुम्हाला नाही दिसणार. सुट्टीला जायच्या आधी मलाही दिसत नव्हतं."

"मग काय मीही जाऊ महिनाभर गावाला?" साहेब हसले, आणि ती हसली नाही म्हणून त्यांचंही हसू विझलं. "बाई, तुम्ही काय बोलताय कळतंय का? वर्षभराचा माल गेलाय यावर."

"हो."

"तुम्ही पास केलेला."

"हो."

"आणि तुकडा बदलायचं काम कोणाचं?"

"माझंच. जादा तुकडे केव्हाच संपले. नवा मागवायला हवा होता. हात बसला होता याच्यावर, म्हणून नाही मागवला." हे म्हणताना तिचे कान तापले. "गिऱ्हाइकाकडे मूळ कापड आहे, बंद पाकिटात ठेवलेलं. ते मागवा. शेजारी ठेवू, म्हणजे प्रश्नच मिटला."

साहेबांनी पेटीच्या कडेवर बोटं वाजवली. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला होता. "मूळ कापड मागवायचं म्हणजे आमच्या नमुन्यावर आमचाच विश्वास नाही हे कबूल करायचं. आणि मागवल्यावर आपला तुकडाच बरोबर निघाला तर? गिऱ्हाईक गेलंच म्हणून समजा." मग त्यांनी ठरवलं. "उद्या सकाळी, खिडकीशी, खऱ्या उजेडात, परत बघा. मास्तरांसमोर. दिसतंय म्हणालात तर मी तिथल्या तिथे फोन लावतो. नाही म्हणालात तर मास्तर घरी जातील आणि हा विषय संपला. पण काल दिसलं होतं, आता दिसत नाही, असलं काही नको हं बाई. मला पुढे सांगायला एक शब्द हवा. दिसतंय, नाहीतर नाही."

त्या संध्याकाळी तिनं आयुष्यात केली नसेल इतकी डोळ्यांची काळजी घेतली. तुडुंब भरलेलं भांडं सांभाळत चालावं तशी ती रस्त्यानं चालली, खाली मान घालून, फरशीवर नजर ठेवून. बसमध्ये डोळे मिटून बसली. मिटलेल्या पापण्यांवरूनही दुकानांचे दिवे लाल, पिवळे, लाल असे फिरत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का, आणि तिनं डोळे न उघडताच मान हलवली. घरी येऊन बेडरूमचे पडदे ओढले, ओला रुमाल डोळ्यांवर घेतला आणि पडून राहिली. शांत पडायचं म्हटलं की तळं आठवायचं, असं ठरवून आली होती. तळं आठवलं, पण त्याचा रंग येईना. पाणी होतं, काठ होता, बहिणीची खुर्ची होती, आणि मधे जिथं रंग हवा तिथं नुसता शब्द होता. तिनं चाचपडत फोन घेतला. "तुझ्याकडचं आभाळ कसं आहे गं आत्ता?"

"कसं म्हणजे?" बहीण म्हणाली. "आभाळासारखं. तू पोचलीस ना नीट? आल्या आल्या काय डोक्यात घेतलंस?"

नवरा आला तेव्हा त्यानं दिवा लावला आणि ती ओरडलीच. "अहो, बंद करा तो!" त्यानं घाबरून बंद केला, आणि अंधारात पलंगाच्या कडेवर टेकला. "डोळे आलेत का? औषध आणू?" तिनं सगळं सांगितलं. तो ऐकणारा माणूस होता. मग म्हणाला, "म्हणजे दिसलं म्हणालीस तर वर्षभराचं सगळं तुझ्या अंगावर येणार."

"येणारच."

"आणि नाही म्हणालीस तर तो म्हातारा जाणार. जो तुला सासूबाई म्हणतो."

"हो."

"मग कशाला एवढी जिवाची ओढाताण? तू खोटं बोलणारच नाहीस. उद्या जाऊन बघ. दिसलं तर दिसलं म्हण, नाही दिसलं तर नाही म्हण. तुझा काय दोष त्यात?" त्यानं तिच्या डोळ्यांवरचा रुमाल उलटा केला, गार बाजू खाली आली. त्याचं बोलणं इतकं सरळ होतं की तिला त्याचा राग आला. कारण तिच्या मनात तळाशी तेच चाललं होतं. उद्या दिसलं नाही तर किती बरं होईल. आपण प्रामाणिकच राहू आणि सुटूही. आणि असं वाटतंय म्हणूनच कदाचित दिसणार नाही. ही भीती तिला सगळ्यात जास्त होती, डोळे थकण्याची नव्हे, तर डोळे सोयीचे होण्याची. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की डोळे बघतात आणि आपण फक्त सांगतो. वर्षभर डोळ्यांनीच तिला फसवलं होतं, आणि ती छाती पुढे काढून ते जगाला सांगत फिरली होती. मास्तरांना. नणंदेलासुद्धा, कोण जाणे, ते पडदे जुळतही असतील. या विचारानं तिला अंधारात हसू फुटलं, आणि मग एकदम रडू. नवरा तिच्या पायाशी बसून राहिला.

सकाळी कारखान्याच्या खिडकीतून ढगाळ, सपाट उजेड येत होता, रंग बघायला याहून चांगला उजेड नाही. साहेबांनी टेबल खिडकीशी ओढून घेतलं होतं. मास्तर आले होते, नेहमीचा डागांचा सदरा सोडून धुतलेला, इस्त्रीचा घालून, आणि त्या सदऱ्यामुळे ते एकदम लहानखुरे दिसत होते. तिनं कोट चढवला. तुकडा डावीकडे, पट्टी उजवीकडे. डोळे मिटले, श्वास सोडला, उघडले.

काहीच नव्हतं. दोन पारवे शेजारी शेजारी होते, एकाच थानातून कापल्यासारखे. भेगसुद्धा नव्हती. खिडकीच्या काचेवर पाण्याचा एक ओघळ सुकलेला होता, तो दिसत होता. मास्तरांच्या सदऱ्याचं वरचं बटण वेगळ्या दोऱ्यानं लावलेलं होतं, तेही दिसत होतं. म्हणजे डोळे ठीक होते. ठीकच होते, पूर्ववत झाले होते, शहरात परत आले होते. तिनं नजर भिंतीवर नेली, परत आणली. आता ती वाद घालत होती, हे तिला कळत होतं. डाव्याची ही कड जरा पिवळी नाही का? नाही. उजव्यात थोडं जास्त निळं? नाही. काल या जागी एवढी मोठी दरी होती आणि ती दरी जगात आता फक्त तिच्या आठवणीत होती, आणि आठवणीला रंग नसतो हे तिला काल संध्याकाळीच कळलं होतं.

"साहेब," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज तिनं इतका खाली आलेला कधी ऐकला नव्हता. "राहू द्या. उगाच बाईंना कशाला अडचणीत टाकता? हात थरथरतात हल्ली माझे. माझंच माप चुकलं असेल. मी म्हणतोय ना." आणि त्यांनी हात पुढे करून दाखवले. ते खरंच थरथरत होते, पण ते आत्ता, या खोलीत, भीतीनं थरथरत होते. माप चुकवणारं थरथरणं नव्हतं ते. की तेही तिला वाटतच होतं? साहेबांनी ते हात बघितले आणि मान दुसरीकडे वळवली. "बाई," ते म्हणाले. "दिसतंय का?"

एक 'नाही' म्हटलं की झालं होतं. तो शब्द खरा होता. इतका खरा शब्द तिच्या तोंडात आजवर आला नसेल. कोणी छातीवर हात ठेवून विचारलं असतं तरी तोच आला असता. आणि तो उच्चारला की मास्तर घरी जाणार होते, गठ्ठे पुन्हा पिवळे होणार होते, आणि ती उद्यापासून परत या खुर्चीत बसून, प्रामाणिकपणे, चिमटीचिमटीनं, कुठल्या कुठे जाणार होती. तिनं मास्तरांच्या डागाळलेल्या हातांकडे बघितलं. मग तुकड्याकडे बघायचं टाळून साहेबांच्या डोळ्यांत बघितलं.

"दिसतंय," ती म्हणाली.

"नक्की?"

"स्पष्ट दिसतंय. तुकडा उतरलाय."

साहेबांनी तिच्याकडे क्षणभरही संशयानं बघितलं नाही. तेच तिला सहन होईना. त्यांनी नुसती मान डोलवली आणि ते फोन करायला आपल्या खोलीत गेले. दार त्यांनी उघडंच ठेवलं. मास्तर जागेवरून हलले नाहीत. त्यांनी वाकून तुकड्याकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं, आणि मग बराच वेळ तिच्या तोंडाकडे. त्यांच्या डोळ्यांत आधी आनंद आला होता, तो आता जाऊन तिथं दुसरंच काहीतरी आलं होतं. ते अगदी हळू म्हणाले, "बाई, खरंच दिसतंय?"

जीभ उचलेना. तिनं टेबलाची कड घट्ट धरली आणि नकारार्थी मान हलवली, एकदाच. मूळ कापड येणार होतं, ते काय सांगेल हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि आता दोघांनाही तोवर मूग गिळून थांबायचं होतं. पलीकडच्या खोलीत फोन लागला. साहेब मोठ्यानं, ठासून, जवळजवळ अभिमानानं बोलत होते.

"नाही, नाही, शंकाच नको. आमच्या बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय."